जेट आता गळत नाही

४ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. म्हणजे खरं लिहिता येईल.

बाबा बुधवारी हॉस्पिटलमधून थेट आमच्याकडे येणार. ताईकडे नाही, आमच्याकडे! ताईचं घर तळमजल्यावर, ताई रिटायर्ड, ताईच्या बाथरूममध्ये धरायला दांडे. तरी बाबांनी मला निवडलं. आजवर या घराण्यात काहीही निवडायचं असलं की ताईलाच विचारायची पद्धत होती.

कारण जरा खाजगी आहे. बाबा जिन्यात पडले, डावा हात मोडला, बोटांपासून कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, बरं झालं डावा होता, जेवायला उजवा मोकळा आहे. बाबा हसतात. डाव्या हाताला काय काम असतं, याचा विचार कोणी करत नाही. आणि ते काम उजव्या हाताने करायचं, हे बाबांना या वयात मान्य नाही. हॉस्पिटलात वॉर्डबॉय करतो. परवा खिडकीकडे बघत बाबा म्हणाले, बाकी सगळं सोसेन रे, पण हे दुसऱ्याच्या हातून नको. ताई म्हणते, मी करीन, त्यात काय एवढं. मुलीच्या हातून तर नकोच नको, असं बाबांनी मला ती चहा आणायला गेल्यावर सांगितलं.

मी तिथल्या तिथे शब्द दिला. बाबा, कमोडला जेट बसवतो. सीटखाली बसतो, उजव्या बाजूला नॉब. नॉब फिरवला की पाणी. कोणाची गरज नाही. बाबांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.  असो.

जेट ऑर्डर केला. बॉक्सवर म्हणे लिहिलेलं असतं: बसवायला वीस मिनिटं. बायकोने प्लंबरचा नंबर फ्रिजवर चिकटवला. मी काढून टाकला. मुलाने बसवलेल्या जेटची सर प्लंबरने बसवलेल्याला नाही.

५ मार्च, मंगळवार

बसवला!!

वेळ: साडेतीन तास, मधला चहा धरून. वीस मिनिटं हा आकडा नुसता बॉक्स उघडायचा असावा. मॅन्युअल उघडलंच नाही. ज्यांना डोळ्यांनी बघून कळत नाही त्यांच्यासाठी ते असतं.

टाकीच्या मागच्या पाइपला एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावायचा, टीला छोटा कॉक, कॉकपासून जेटला नळी. हातचा मळ. शेवटी एक निळी रबरी रिंग उरली. कंपन्या हल्ली एखादी जास्तीची देतात, चांगली गोष्ट आहे. स्कूटरच्या किल्लीला अडकवली. उठून दिसते.

ट्रायल घेतली. फवारा थेट दरवाज्यापर्यंत. प्रेशर उत्तम. शर्ट बदलला.

६ मार्च, बुधवार

बाबा आले. त्यांना डेमो दिला (नुसता नॉब दाखवला, फवारा नाही). दुपारी एकटे आत गेले. मी बाहेर उभा. बायको म्हणाली, दारात असं उभं राहू नकोस, त्यांना अवघडल्यासारखं होईल. मी दोन पावलं मागे सरकून उभा राहिलो.

बाहेर आले. जमलं, म्हणाले. एवढंच. पण चेहरा! चष्म्याच्या काचा पुसून मग मला म्हणाले, बरं वाटलं रे.

ताईला फोन करून सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, टिकलं म्हणजे मिळवलं. हा तिचा स्वभाव.

बायको म्हणते, टाकीच्या मागे जमिनीवर पाणी दिसतंय. दिसणारच. थंड पाइप, गरम हवा. याला बाष्प म्हणतात.

७ मार्च, गुरुवार

बाष्प वाढलं आहे.

८ मार्च, शुक्रवार

बाष्प नाही. थेंब आहेत. कॉक आणि नळी जिथे जुळतात तिथून. घाबरायचं कारण नाही. ऑफिसात मी दिवसभर गळतीच बघतो. विमा कंपनीच्या क्लेम विभागात मला कोणी उगाच बसवलेलं नाही. 'हळूहळू होणारी गळती हा अपघात नसून निष्काळजीपणा आहे, सबब दावा नामंजूर' हे वाक्य माझं आहे. पूर्ण विभाग ते वापरतो.

संध्याकाळी पान्ह्याने नट आवळला. चांगला दोन फेरे. थेंब बंद.

नंतर पुन्हा सुरू. आधी एका जागेवरून गळत होतं, आता दोन. म्हणजे पाण्याचा दाब विभागला गेला. एका अर्थी प्रगतीच.

९ मार्च, शनिवार

आज सुट्टी, आज निकाल. सकाळी व्हिडिओ बघून थिअरी पक्की केली. एक दाढीवाला माणूस हसत हसत चार मिनिटांत करतो. त्याच्या बाथरूममध्ये जागा होती. मला मात्र टाकी आणि भिंत यांच्यामध्ये गाल दाबून झोपावं लागतं.

टेफ्लॉन टेप गुंडाळली. आख्खं रीळ. सफेद, गोल, गुबगुबीत झालं. नट आता त्यावर चढेना. थोडा जोर लावला. कट्टकन आवाज आला. नटाला चीर.

बाबा दारात येऊन विचारत होते, काही धरू का. मी म्हणालो, तुम्ही आराम करा. एका हाताने काय धरणार.

हार्डवेअरवाल्याकडून नवीन नट आणला. तो म्हणाला, वॉशर बघून घ्या. मी म्हणालो, सगळं आहे घरी.

मागे आइस्क्रीमचा रिकामा डबा ठेवला. टप्. टप्. हॉलमध्येही ऐकू येतं. बाबा म्हणाले, असू दे रे, घड्याळासारखं वाटतं. समजूतदार माणूस.

१० मार्च, रविवार

खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. आधी बाबांच्या हाताची चौकशी. मग म्हणाल्या, आमच्या छताला ओल आलीय, बघता का जरा. बघून आलो. डाग आहे, पण ताटाएवढासुद्धा नाही. काकूंनी विचारलं, आमचा विमा आहे, क्लेम मिळेल का. मी प्रोफेशनल माणूस, खोटं बोलवेना. सांगितलं, हळूहळू होणारी गळती बसत नाही काकू. त्या म्हणाल्या, कोण करतं असले नियम. मी म्हणालो, असतात काही लोक.

बायकोने फ्रिजवर नंबर परत लावला. पुन्हा काढून ड्रॉवरमध्ये टाकला.

११ मार्च, सोमवार

उपाय सापडला. इतका सोपा की हसू आलं. पाणी सतत चालू राहतं म्हणून गळतं ना? मग टीवरचा छोटा कॉक एरवी बंदच ठेवायचा. वापरायच्या आधी उघडायचा, झाल्यावर बंद. मी याला प्रोटोकॉल म्हणतो. कागदावर लिहून दारावर लावला.

एक छोटी अडचण. कॉक टाकीच्या मागे, डाव्या बाजूला, खाली. बाबांचा डावा हात प्लास्टरमध्ये आणि वाकायला डॉक्टरांची मनाई. म्हणून प्रोटोकॉल क्रमांक दोन: बाबांनी आतून हाक मारायची, घरात जो असेल त्याने जाऊन कॉक उघडायचा, बाहेर यायचं, पुन्हा हाक आली की जाऊन बंद करायचा. मी ऑफिसात असेन तेव्हा बायको आहेच.

बाबांना समजावून सांगितलं. त्यांनी कागद नीट वाचला. म्हणाले, म्हणजे सूनबाईला हाक मारायची. मी म्हणालो, घरचीच तर आहे. ते बरं म्हणाले.

डबा आज कोरडा. वाटलं होतंच, मेथड महत्त्वाची.

१२ मार्च, मंगळवार

डबा कोरडा. बाबांनी हाक मारली नाही. म्हणजे सिस्टीमवर ताण नाही.

रात्री जेवताना अर्धंच ताट. म्हणाले, या वयात हलकं बरं. पटलं. मीसुद्धा रात्रीचा भात बंद करीन म्हणतो. उद्यापासून.

१३ मार्च, बुधवार

बाबांनी सकाळचा चहा बंद केला. दुपारचं जेवणही. स्तुत्य! अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी एवढा संयम! ऑफिसात दोघांना सांगितलं.

बायकोने आज माझ्याशी बोलताना आवाज चढवला. प्रसंग असा. ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली, दार लावलं आणि म्हणाली, तुला खरंच कळत नाही का? ते डाएट करत नाहीयेत. खाल्लं तर जावं लागेल, गेलं तर मला हाक मारावी लागेल, म्हणून ते खातच नाहीत. दोन दिवस पाणीसुद्धा मोजून पितात.

मी म्हणालो, असं असतं तर ते बोलले असते.

ती म्हणाली, ते तुझेच वडील आहेत. तू कधी काही बोलून दाखवतोस?

यावर काय म्हणायचं ते तेव्हा सुचलं नाही. नंतर सुचलं, पण तोपर्यंत ती झोपली होती.

१४ मार्च, गुरुवार

कळलं ते बरं झालं. प्रोटोकॉल रद्द. कॉक चोवीस तास उघडा, डबा जागेवर. बाबांना जाऊन सांगितलं, आता हाका बंद, पोटभर जेवा. जेवले. दोनदा वाढून घेतलं. मी बघत बसलो होतो. त्यांना भूक केवढी लागली होती ते मला तेव्हा दिसलं. फार वाईट वाटलं, हे इथे लिहून ठेवतो.

रविवारी ताई बघायला येणार आहे. त्याआधी गळती संपली पाहिजे. नाहीतर ती बाबांना घेऊन जाणार, आणि तिथे जेट नाही, ताई आहे. आता हयगय नाही.

१५ मार्च, शुक्रवार

अर्धा दिवस रजा टाकून घरी आलो तर दारात प्लंबर. हातात पिशवी, बूट काढतोय. बायकोने मला न विचारता बोलावलेला. ती काकूंकडे छत बघायला गेली होती.

सगळ्या नातेवाइकांना सांगून झालंय की जेट मी बसवला. ताईला तर फोटो पाठवलाय. आणि परवा तिला कळणार की प्लंबर आला होता! आयुष्यभर पुरेल तिला. मी प्लंबरला म्हणालो, काम झालं, दुरुस्त झालं, तसदीबद्दल सॉरी. तो म्हणाला, आलोच आहे तर नजर टाकतो. मी म्हणालो, गरज नाही. त्याने बूट पुन्हा घातले.

वळलो तर हॉलमध्ये बाबा. वर्तमानपत्र वाचत होते. ऐकलं नसावं. वर्तमानपत्र उलटं नव्हतं, पण पानही बराच वेळ उलटलं नाही.

बायकोला सांगितलं, प्लंबर आला, म्हणाला किरकोळ आहे, घरीच होईल.

१६ मार्च, शनिवार

आज लिहायला नको होतं, पण शिस्त म्हणजे शिस्त.

डबा भरून वाहिला. बाबा सकाळी आत गेले, ओल्या फरशीवरून चप्पल घसरली. पडले नाहीत. टॉवेलच्या रॉडचा आधार घेतला. प्लास्टरच्या हाताने.

रॉड निघून आला. रॉडसुद्धा मीच बसवला होता.

पडले नाहीत, हे महत्त्वाचं. भिंतीला टेकून बसले, खाली, पाण्यात. मी आत गेलो तेव्हा म्हणाले, तू जा, आधी मला कपडे नीट करू दे. एका हाताने त्यांना ते जमेना. मी मदत केली. त्यांनी मान भिंतीकडे वळवली. 

एक्स-रे काढला. हाड जागेवर आहे. हाताला सूज आहे. रिक्षात मी म्हणालो, उद्यापर्यंत शंभर टक्के करतो. बाबांचं लक्ष माझ्या हातातल्या किल्लीकडे होतं. ती निळी रिंग कसली, असं विचारलं. मी म्हणालो, जास्तीची आली होती जेटबरोबर. त्यांनी ती दोन बोटांत धरून फिरवून बघितली आणि परत सोडली. त्यांना रंग आवडला असावा.

संध्याकाळी शेवटचा उपाय. दोन रंगांची ती मळायची पुट्टी. मळली, जोडावर थापली. वीतभर लांब, मुठीएवढी जाड. दिसायला देखणी नाही, पण बांध आहे बांध! चोवीस तास हात लावायचा नाही. म्हणजे चोवीस तास कॉक बंद.

बाबा म्हणाले, हरकत नाही. आणि जेवले नाहीत.

१७ मार्च, रविवार

ताई आली. बाबांच्या हाताची सूज बघितली. बाथरूम बघितलं. रॉडची भोकं, डबा, पुट्टी, दारावरचा प्रोटोकॉल (काढायचा राहून गेला होता). मी सगळं समजावून सांगायला लागलो. ती ऐकून बाहेर आली. टोमणा नाही, काही नाही. त्यापेक्षा टोमणा परवडला असता.

मग बाबांजवळ बसली आणि म्हणाली, बाबा, चला. बाबा माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, संध्याकाळी चोवीस तास पूर्ण होतायत, तेवढं थांबा, दाखवतोच. बाबा थोडा वेळ थांबले. खरंच थांबले. मी घड्याळाकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे.

मग म्हणाले, तू फार केलंस रे. घरच जुनं आहे, तू तरी काय करणार.

त्यांची बॅग बायकोने भरली. औषधं मी दिली. जिना उतरताना काकू भेटल्या, आधी हाताची चौकशी केली.

रागावले असते तर बरं झालं असतं.

१८ मार्च, सोमवार

नोंद नाही.

२० मार्च, बुधवार

आज सहज बघितलं. पुट्टीखाली बोट फिरवलं. कोरडं. डबा कोरडा. सोमवारपासून एकही थेंब नाही!!

म्हणजे जमलं होतं! मी म्हणतच होतो, चोवीस तास थांबा. एक दिवस. फक्त एक दिवस थांबायला हवं होतं.

२१ मार्च, गुरुवार

अजून कोरडं. काकूंकडे जाऊन छत बघितलं. डाग सुकतोय, कडा पांढऱ्या. काकूंना म्हणालो, पेटंट घ्यावं म्हणतो.

ताईला फोन केला. जेट दुरुस्त झालाय, रविवारी बाबांना घ्यायला येतो. ती म्हणाली, बघू. मागे बाबांचा आवाज येत होता, बोलू का विचारलं तर म्हणाली, आत्ता नको, आंघोळ चाललीय.

संकल्प: रॉड नव्याने बसवायचा. या वेळी मोठे स्क्रू. भिंतीकडे रबराची पायपुसणी. बाबांच्या खोलीत दिवा बदलायचा. सगळं मी स्वतः.

२४ मार्च, रविवार

निघायच्या आधी बायकोला बोलावून दाखवलं. बघ, म्हटलं, एक आठवडा, एक थेंब नाही.

ती म्हणाली, कॉक बंद आहे.

मी म्हणालो, कोणी केला.

ती म्हणाली, शनिवारी तूच केलास. त्यानंतर उघडला कोणी? आपल्याला तो लागतो कुठे? बाबांसाठीच होता तो.

कॉक उघडला. पुट्टीच्या कडेने पाणी झरायला लागलं. टप् नाही, सरळ धार.

मग बसलो तिथेच. पुट्टी खरवडून काढली, नखं गेली. टेप काढली, मैलभर निघाली. नट सोडवून उजेडात धरला. आत एक गोल खाच आहे. रिकामी. त्यात काहीतरी बसत असणार, गोल, एवढंसं.

खिशातून किल्ली काढली.

रिंग खाचेत अशी बसली की जणू तिथेच राहायची. नट हातानेच लावला, पान्हा लागलाच नाही. कॉक उघडला. कोरडं. बोट फिरवलं, कोरडं. नॉब फिरवून बघितला. पाणी आलं, बंद केला, थांबलं. किती वेळ लागला ते बघितलं नाही. वीस मिनिटं असावीत.

ताईला फोन लावला, बाबांनीच घेतला. मी म्हणालो, बाबा, झालं. खरंच झालं, या वेळी खरंच. घ्यायला येतो.

ते म्हणाले, वा, छान. मग म्हणाले, आता कशाला येतोस एवढ्या लांब. प्लास्टर निघेपर्यंत राहतो इथे. ताई करते सगळं. मी विचारलं, म्हणजे ते पण? ते म्हणाले, हो. पहिल्या दिवशी मी डोळे मिटून घेतले होते. आता नाही मिटत. सवय होते रे माणसाला.

मी जोडावरून पुन्हा बोट फिरवलं.  मग त्यांनी विचारलं, त्या रिंगेमुळे होतं ना.

हो म्हणालो.

मला वाटलंच होतं, म्हणाले. पण तू एवढ्या उत्साहाने करत होतास.

फोन ठेवला. ड्रॉवरमधून प्लंबरचा नंबर शोधला आणि फ्रिजवर लावला. बायको म्हणाली, आता कशाला.